झेलंडच्या टोपीवाल्या मुलीचं शिल्प: कामाच्या नोंदी

नेदरलँड्सच्या नैऋत्येला झेलंड प्रांत आहे, त्यात झाउड-बेव्हलंड, आणि तिथे खूस शहरापासून सायकलवर जाता येईल असं आमचं गाव. गल्लीच्या टोकाला हिरवळीचा एक तुकडा आहे, तिथे इथल्या जुन्या पोशाखातली मुलगी बसवायची असं रहिवाशांच्या गटाने ठरवलं. हे काम माझ्याकडे आलं कारण लहानपणी कुडाळजवळ मामाच्या गणपतीच्या शाळेत माती मळलेली, साचे भरलेले, आणि ही गोष्ट मी एकदा कॉफी पिताना बोलून बसलो होतो. ज्यांना असं काहीतरी स्वतः करायचंय त्यांच्यासाठी नोंदी ठेवतोय. थिअरी नाही, ती यूट्यूबवर भरपूर आहे.

९ मार्च

ब्राँझ की काँक्रीट यावरच संध्याकाळ गेली. फाउंड्रीचं कोटेशन आलं, पाऊण आकाराच्या मुलीसाठी साडेबारा हजार युरो, त्यात पाया आणि चौथरा वेगळा. आमच्याकडे सगळं मिळून दोन हजार चारशे. म्हणजे प्रश्न तिथेच मिटायला हवा होता, पण एक काका अडून बसले की ब्राँझ म्हणजे ब्राँझ. मग दुसऱ्यांनी चोरीचा विषय काढला. या देशात धातूसाठी पुतळे उचलून नेतात, २००७ साली लारेनच्या सिंगर म्युझियमच्या बागेतून रोदँचा 'थिंकर' पळवला होता, सापडला तेव्हा पाय कापलेला होता. आपली मुलगी तर उघड्या हिरवळीवर. काका गप्प बसले.

ठरलं: ग्लास फायबर घातलेलं काँक्रीट, आतून पोकळ, जाडी दीड सेंमीच्या आसपास. उंची १ मीटर १५, खाली ५० सेंमीचा चौथरा. उघड्यावर मूर्ती नेहमी आहे त्यापेक्षा छोटी दिसते, खोलीत भरदार वाटते आणि आकाशाखाली नेली की आक्रसते, म्हणून चौथऱ्यावर कंजूसपणा करू नका.

२३ मार्च

कोणती मुलगी? हा प्रश्न मला आधी पडलाच नव्हता. लोकांच्या डोक्यात 'डच मुलगी' म्हणजे टोकदार पंखांची टोपी, लाकडी बूट, हातात ट्युलिप. ती टोपी फोलेंडामची, म्हणजे दुसऱ्या प्रांतातली. इथे गावागणिक पोशाख बदलतो, आणि झाउड-बेव्हलंडमध्ये तर पंथागणिकही. प्रोटेस्टंट बायकांची टोपी म्हणजे चेहऱ्याभोवती लेसचा मोठा गोल शिंपला, कॅथलिक बायकांची वरून सपाट, कडा सरळ, समलंब चौकोनी. दोन्हींत कपाळाशी सोन्याचे चौकोनी पत्रे. बाई समोरून येत असेल तर शंभर पावलांवरून कळायचं कुठल्या चर्चला जाते ते.

ओतकामाच्या दृष्टीने कॅथलिक टोपी कितीतरी सोपी. सरळ कडा, साच्यातून सुटायला सोप्या. मी मीटिंगमध्ये तसं म्हटलं. शांतता. मग शेजारच्या आजी (वय ८६, त्यांच्या आईने आयुष्यभर हाच पोशाख घातला) म्हणाल्या, स-हेरेनहूकला बसवायची असेल तर जरूर करा. स-हेरेनहूक, क्वाडेंडामे, ओवेझांडे ही कॅथलिक गावं, आमचं नाही. सिमेंटला सोपं जातं म्हणून मुलीचा धर्म बदलता येत नाही. शिंपला फायनल.

मिडलबर्गच्या झेलंड म्युझियममध्ये आणि खूसच्या म्युझियममध्ये जाऊन भरपूर फोटो काढले. टीप: समोरून सगळे काढतात, तुम्ही मागून, खालून आणि कानाजवळून काढा. टोपी डोक्याला नेमकी कुठे टेकते ते समोरून कधीच कळत नाही.

६ एप्रिल

जुन्या लोकांनी हाच प्रश्न कसा सोडवलाय ते बघायला दोन पुतळे बघून आलो. स्केव्हेनिंगेनच्या किनाऱ्यावर खेरार्ड बाकरची कोळीण, १९८२ ची, समुद्राकडे तोंड करून उभी. उर्कला खेरार्ड फान डर लेडनची, १९६८ ची, निघता निघता मागे वळून पाण्याकडे बघणारी, बुडालेल्या कोळ्यांची नावं आजूबाजूला. दोन्ही ब्राँझ. दोघांनी कपड्याचे बारकावे थोडक्यात आटोपलेत आणि सगळं वजन उभं राहण्यात टाकलंय. ते मोठ्या दुःखाचे पुतळे आहेत, तिथे लेस मोजत बसलं तर चुकीचंच. आमच्या मुलीला दुःख वगैरे काही नाही, ती रविवारी नटून निघालीये. म्हणजे लेस टाळता येणार नाही.

कॉपी करू नका हेही सांगून ठेवतो. इथे शिल्पकार जाऊन ७० वर्षं होईपर्यंत कॉपीराइट असतो, उघड्यावरच्या पुतळ्याचा फोटो चालतो पण त्यावरून मूर्ती बनवणं वेगळी गोष्ट.

२० एप्रिल

सांगाडा. १२ मिमीची सळई, कोंबड्यांची जाळी, घागऱ्याच्या आत थर्मोकोलचे ब्लॉक. या पोशाखाचा एक मोठा फायदा म्हणजे आत इतके परकर असतात की घागरा जमिनीपर्यंत घेर धरून उभा असतो, घोट्याशी बारीक पाय नाहीत, त्यामुळे मोडण्याची भीती खालून नाहीच. जी काही भीती आहे ती मानेच्या वर.

२७ एप्रिल

राजाचा वाढदिवस. गावभर नारिंगी, काम शून्य.

११ मे

माती चढवली, साधारण १२० किलो. पूर्वेचा कोरडा वारा सुटला होता आणि शेडचं दार उघडं, दुपारपर्यंत खांद्याला भेगा. ओली फडकी आणि त्यावर प्लास्टिक, रोज रात्री.

हातांवर वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला असं वाटतं. बाह्या दंडावरच संपतात, काठाला काळी मखमल, आणि इतक्या घट्ट की खालचा दंड फुगून बाहेर येतो. थंडी-वाऱ्यात उघडे हात लाल व्हायचे आणि तेच छान समजलं जायचं, आजी सांगतात की मुली मुद्दाम घट्ट करून घ्यायच्या. मातीत हे दाखवायला बाहीच्या काठाखाली अंगठा दाबून मांस वर ढकललं, अर्धा सेंमी, बस. एवढ्याने हात जिवंत झाला. उलट चेहऱ्यावर मी कितीतरी दिवस घासत होतो आणि कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. येणारा प्रत्येक जण आधी टोपी, मग पोवळ्याची माळ, मग पायाकडे बघायचा.

खांद्यावरच्या रुमालाच्या चुण्या टाचण्यांनी बसवलेल्या असतात, त्या टाचण्यांची डोकीसुद्धा दाखवली. आजींनी मोजल्या नाहीत, पण हात फिरवून बघितल्या.

रुमालावरून एक विषयांतर. अशा पोशाखांत पूर्वी आपल्याकडचं छापील कापड असायचं, कोरोमंडल किनाऱ्यावरचं, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आलेलं, मच्छलीपट्टणम, पुलिकत, नागपट्टणम या बाजूचं. उत्तरेला हिंडेलोपनच्या बायकांचे लांब कोट तर पूर्ण त्याच कापडाचे. आणि कंपनीच्या झेलंड शाखेचं ऑफिस मिडलबर्गला, इथून अर्ध्या तासावर. वेंगुर्ल्याची पडकी डच वखार लहानपणी कितीदा पाहिली, ती बांधणाऱ्यांच्या मुलुखात राहीन असं कुठे वाटलं होतं. आजींना फोटो दाखवला तर म्हणाल्या, छप्पर का नाही केलंत नीट? आता काय सांगणार.

२५ मे

टोपीची पहिली आवृत्ती. दीड सेंमी जाडीचा गोल कठडा चेहऱ्याभोवती उभा केला, नियमाप्रमाणे, काँक्रीट त्याहून पातळ नको म्हणून. समोरच्या घरातला सात वर्षांचा मुलगा आला आणि विचारलं, डोक्याला डिश अँटेना का लावलाय? सगळे हसले, मीही हसलो, मग नंतर बघितलं तर खरंच दुसरं काही दिसेना.

अडचण अशी की खरी टोपी म्हणजे कांजी केलेली लेस, आतून तारेने ताणलेली, उजेड आरपार जातो. काँक्रीट आरपार जाऊ देत नाही. रात्री जे.जे.मध्ये शिकलेल्या मित्राला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "अरे, कडा पातळ दाखव, पातळ करू नकोस." एवढंच, आणि एक स्केच.

८ जून

स्केचप्रमाणे केलं. कडेला ६ मिमी, तिथून मागे उतार देत देत डोक्याशी ३० मिमी. समोरून फक्त ती ६ मिमीची धार दिसते आणि डोळा फसतो. मागच्या बाजूने टोपीचा खालचा भाग रुमालाला आणून टेकवला, म्हणजे वाऱ्याला आणि लटकणाऱ्या पोरांना सुटी कड मिळतच नाही. खऱ्या टोपीत तिथे बोटभर फट असते. आजींनी ती लगेच पकडली, मी कारण सांगितलं, त्यांनी मान हलवली पण पटलं असं वाटलं नाही.

लेस: आधी बाजारातली मशीनची लेस मातीत दाबली. जवळून सुरेख, तीन मीटरवरून सपाट पांढरं. खरी जाळी खऱ्या मापाची असली तर काँक्रीटमध्ये हरवते. मग आजींनी जाड सुती दोऱ्याने तोच नमुना क्रोशाने दुप्पट मोठा विणून दिला, तो दाबला, आणि आता रस्त्याच्या पलीकडूनही लेस म्हणून वाचता येते. भोकं पाडायच्या भानगडीत पडू नका. भोकात पाणी, पाण्याचा बर्फ, बर्फाने तडा.

२२ जून

लाकडी बुटांवरून भांडण. गटातल्या निम्म्यांना हवेतच, टुरिस्ट फोटो काढतील म्हणून. पण सोन्याचे पत्रे, चांगली टोपी, पोवळी म्हणजे रविवार, आणि रविवारी पायात चांदीच्या बकलचे काळे बूट, लाकडी बूट कामाच्या दिवशी. दोन्ही एकत्र केलं तर नऊवारी, नथ आणि खाली गमबूट. बूट काळे झाले. घागऱ्याखालून जेमतेम टोकं दिसतात, त्यावर तासभर वाद.

६ जुलै

सगळ्यात वाईट आठवडा. शरीर पाण्याच्या मातीचं होतं पण लेसची कड, टाचण्या, माळेचं बकल असे बारीक भाग तेलाच्या मातीत केले होते. त्यावर प्लॅटिनम सिलिकॉन (साच्यासाठीचं, सुकून रबर होणारं) लावलं. दुसऱ्या दिवशी घागरा, पाठ, हात छान रबर झालेले आणि टोपीभर व गळ्याशी चिकट लगदा. त्या मातीत गंधक होतं, आणि गंधक असलं की प्लॅटिनम सिलिकॉन जमतच नाही. पाकिटावर कुठे लिहिलेलं नव्हतं, दुकानात फोन केला तर "हो, हे माहीत असतं सगळ्यांना". लेटेक्सच्या हातमोज्यांनीही असंच होतं.

११० युरोचं सिलिकॉन गेलं, लगदा खरवडताना लेस गेली, टोपी पुन्हा. यावेळी गंधक नसलेली माती, वर शेलॅकचा (लाखेच्या वॉर्निशचा) पातळ हात, आणि आदल्या रात्री कोपऱ्यात एक ठिपका लावून सकाळी बोट लावून बघणं. हा ठिपका फुकट असतो, लावाच.

२० जुलै

सिलिकॉनचे थर पूर्ण, जाडी ५ मिमी. वरून प्लास्टर आणि ज्यूटच्या काथ्याचं कवच. साचा तीन वेगळ्या भागांत केला: घागरा, कमरेच्या वरचं अंग, टोपी. कारण रंग. घागरा काळा, टोपी पांढरी, आणि एकाच साच्यात दोन ओले रंग शेजारी भरले की काळा पांढऱ्यात पाझरतोच, छोट्या नमुन्यावर करून बघितलं होतं. कमरेचा सांधा एप्रनच्या पट्ट्याखाली लपतो.

१७ ऑगस्ट

ओतकाम. ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी: पांढरं सिमेंट आणि बारीक वाळू समान वजनाने, सिमेंटच्या ५ टक्के पॉलिमर, पाणी सिमेंटच्या ३२ टक्क्यांच्या आसपास, वर थोडं प्लास्टिसायझर (कमी पाण्यातही मिश्रण पातळ ठेवणारं रसायन). पहिला थर ३ मिमी, फायबर न घालता, ब्रशने दाबून, म्हणजे बुडबुडे येत नाहीत आणि फायबरचे केस पृष्ठभागावर दिसत नाहीत. तो बोटाला चिकटेनासा झाला की मागचे थर, त्यात एकूण वजनाच्या ३ टक्के फायबर. फायबर अल्कली सहन करणारंच घ्या, साधं ग्लास फायबर सिमेंट हळूहळू खाऊन टाकतं. घागऱ्यासाठी सिमेंटच्या ५ टक्के काळा आयर्न ऑक्साइड.

उकाडा होता, काळं मिश्रण बादलीतच घट्ट व्हायला लागलं. पाण्यात बर्फ घालून आणि छोट्या छोट्या बादल्या करून निभावलं. दोन माणसं लागतातच, एक ढवळणारा आणि एक भरणारा, बायकोने रविवार दिला.

३१ ऑगस्ट

टोपी साच्यातून निघाली तेव्हा लेसचा टाका न् टाका आलेला. वरच्या कडेला दोन बुडबुडे, पांढऱ्या सिमेंटच्या पेस्टने भरले. अंग पण ठीक, एका करंगळीचं टोक तुटलं, इपॉक्सीने चिकटवलं.

घागरा मात्र उतरला तो पांढऱ्या ढगांनी भरलेला. क्युअरिंगला, म्हणजे काँक्रीट ओल धरून पक्कं व्हावं म्हणून, वर प्लास्टिक टाकलं होतं, ते जिथे सुरकुतून चिकटलं तिथे ओल धरली आणि चुना वर आला. राखाडी काँक्रीटवर हे दिसलंही नसतं, काळ्यावर लपत नाही. प्लास्टिक अंगाला लागू न देता तंबू करून टाकायला हवं. सायट्रिक अॅसिडच्या पातळ पाण्याने धुतलं, भरपूर पाणी मारलं, वाळलं की पुन्हा थोडं येतं, पुन्हा धुतलं. शेवटी जो रंग राहिला तो काळा नाही, विटका काळा. आजी म्हणाल्या की हा रोजच्या घागऱ्याचा रंग आहे, रविवारचा असा नसतो. तोवर मला बुटांचं भांडण आठवत होतं, मी काही बोललो नाही. सीलर मारल्यावर बराच गडद झाला हे नशीब.

२८ सप्टेंबर

रंग किती द्यायचा यावर माझं मत पक्कं होतं, कमी. गाल गुलाबी आणि डोळे निळे केले की विमानतळावरच्या दुकानातली बाहुली होते. बाह्या आणि बूट काळ्या सिलिकेट पेंटने, चेहरा-हात कच्च्या सिमेंटचेच. फक्त दोन गोष्टी रंगीत: पोवळी आणि सोनं.

पोवळ्यासाठी लाल ऑक्साइड घातलं तर विटेचा रंग येतो. म्हणून ओळखीच्या कुंभार बाईंकडून ग्लेझचे मणी भाजून घेतले, तीन पदर, आणि प्रत्येक पदर स्टेनलेसच्या तारेत ओवून तार दोन्हीकडून गळ्यात आत नेऊन सिमेंटने पक्की केली. नुसते चिकटवले असते तर पहिल्या महिन्यात गोट्या म्हणून गेले असते.

सोन्याचे पत्रे काँक्रीटमध्येच, वर खऱ्या सोन्याचा वर्ख. पालिकेच्या माणसाने अट घातली होती की धारदार कोपरा नको, म्हणून कोपरे गोल केले. वर्ख लावताना शेडमध्ये वारा असेल तर दार लावून घ्या, पहिलं पान माझ्या स्वेटरवर गेलं.

१२ ऑक्टोबर

पाया. यंत्राने खणायचं असेल तर आधी कडास्टरकडे (जमिनीच्या नोंदी ठेवणारी सरकारी संस्था) नोंद करावी लागते, मग केबल आणि पाइपांचा नकाशा मिळतो. ते केलं. ८० सेंमी खोल, थंडीत जमीन गोठते त्याच्या खाली जायला. इथली जमीन चिकणमातीची आणि पाणी वरच, दुपारच्या जेवणापर्यंत खड्ड्याचं डबकं झालेलं. पंप आणला, शटरिंग केलं, ओतलं. एक दिवस यातच गेला जो प्लॅनमध्ये नव्हता.

२ नोव्हेंबर

बसवली. शेजारच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या फोर्कवरून, तिन्ही भाग स्टेनलेस रॉडवर एकावर एक, सांध्यात इपॉक्सी. दुसऱ्या दिवशी टोपीच्या कडेला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या टांगून बघितल्या, ४० किलोपर्यंत, एक मूल लटकेल एवढं. हललं नाही. डिश अँटेनावाला मुलगा पिशव्या काढायच्या आधीच स्वतः टेस्ट करायला तयार होता.

१६ नोव्हेंबर

हिशेब मिटवला, १,४६० युरो. सगळ्यात मोठा खर्च पाया आणि चौथरा, ४२०. त्याखालोखाल सिलिकॉन ३१०, वाया गेलेलं धरून. सिमेंट-वाळू-फायबर-पॉलिमर सगळं मिळून १९०, माती १३०, प्लास्टर आणि काथ्या ९५, सळई ८५, स्टेनलेस ६०, सीलर ५५, वर्ख ४५, रंग ४०, मणी ३०. ट्रॅक्टर फुकट, त्याला बिर्याणी. उरलेले पैसे देखभालीला बाजूला, सीलर दर तीन-चार वर्षांनी पुन्हा लागेल आणि वर्ख त्याच्या आधी.

कालच क्वाडेंडामेहून एकांचा फोन आला, साचे द्याल का, टोपी आम्ही आमची बनवू. आजींना विचारलं. त्या म्हणाल्या नुसती टोपी बदलून कॅथलिक होत नाही, रुमाल आणि चोळीची तऱ्हाही वेगळी, वरचं अंग त्यांना नवंच करावं लागेल. घागऱ्याचा साचा मात्र द्यायला हरकत नाही म्हणाल्या, पुढच्या शनिवारी ट्रेलर घेऊन येताहेत.